काचेचा भाव मापावरून काढणारं शीट: फूट, इंच, सूत आणि मिलिमीटर एकत्र कसे बसवायचे?

काउंटर_सिडको

नमस्कार. नाशिकला सिडकोत आमचं काच आणि ॲल्युमिनियम सेक्शनचं दुकान आहे. काउंटर आणि बिलं मी बघते, साइटवर माप घ्यायला भाऊ जातो, कटिंगला दोन मुलं आहेत. बाबा रोज दुकानात असतात आणि त्यांना माप ऐकल्याबरोबर भाव सांगता येतो, तोही तोंडी. अडचण अशी की बाबा, भाऊ आणि कॉम्प्युटर यांचे भाव जुळत नाहीत.

एक उदाहरण देते. काच ३ फूट ४ इंच बाय २ फूट १० इंच. आमचे खरे दर इथे लिहीत नाही, हिशेब सोपा व्हावा म्हणून स्क्वेअर फुटाला १०० रुपये धरा. बाबा प्रत्येक माप वरच्या ३ इंचांच्या पटीत नेतात, ४० चे ४२ आणि ३४ चे ३६ करतात, म्हणजे १०.५ स्क्वेअर फूट, १०५० रुपये. भाऊ मोबाइलवर ४० गुणिले ३४ भागिले १४४ करतो, ९.४४ येतात, म्हणजे ९४४ रुपये. आणि एका ओळखीच्यांकडून आम्हाला एक्सेल शीट मिळालंय, त्यात माप ३.४ आणि २.१० असं लिहायचं आहे. ते शीट ७.१४ स्क्वेअर फूट दाखवतं, ७१४ रुपये. एकाच काचेला तीन भाव. गिऱ्हाईक सकाळी भावाशी बोलतं, संध्याकाळी दुकानात येऊन बाबांना विचारतं, आणि मग आमच्यावरचा त्याचा विश्वास उडतो. हे मला मनापासून लागतं, कारण बाबांनी हे दुकान शब्दावर चालवलंय.

आत्ताच घाई अशासाठी की पंचवटी कारंज्याजवळच्या एका लॉजचं काम आलंय. २०२७ च्या सिंहस्थाआधी सगळ्या खोल्या नव्या करायच्या आहेत त्यांना. आरसे, बाथरूममधल्या काचेच्या फळ्या, टफन (भट्टीत तापवून मजबूत केलेल्या) काचेची पार्टिशनं, खिडक्या. आर्किटेक्टचं ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये आहे आणि तिथला मिस्तरी फोनवर फूट, इंच, सूत (इंचाचा आठवा भाग) सांगतो. दोन्ही मापं एकाच शीटमध्ये घालता येतील का? बाबांची ३ इंचांची पद्धत फॉर्म्युल्यात कशी आणायची? आणि ३.५ मिमीपासून १२ मिमीपर्यंत प्रत्येक जाडीला वेगळा दर आहे, तो आपोआप कसा यावा?

मला बेरीज, गुणाकार आणि साधं इफ येतं. त्यापुढचं शिकायची तयारी आहे.

मोजपट्टी

ते ३.४ वालं शीट आजच बंद करा, बाकीचं नंतर.

३.४ लिहिलं की शीट त्याला तीन पूर्णांक चार दशांश फूट समजतं, म्हणजे ४०.८ इंच. तुम्हाला हवे आहेत ४०. त्याहून वाईट म्हणजे २.१०. शेवटचं शून्य शीटच्या लेखी नसतंच, त्यामुळे २ फूट १० इंच आणि २ फूट १ इंच या दोन्ही मापांचं एकच माप होतं, २.१. नऊ इंचांची काच हिशेबातून गायब, आणि शीट लाल रंग दाखवत नाही की चूक सांगत नाही.

मग काहीजण ३-४ असं डॅश देऊन लिहितात. त्याची लगेच तारीख होते, ३ एप्रिल. तो मार्गही नको.

फूट, इंच, सूत यांना तीन स्वतंत्र रकाने द्या. रुंदीचे तीन, उंचीचे तीन. इंचाच्या रकान्यात डेटा व्हॅलिडेशन लावून फक्त ० ते ११ चालू ठेवा, सुताच्या रकान्यात ० ते ७. इंचाचे आठ सूत हे शीटला माहीत नसतं, ते आपण सांगायचं.

अंबड_एस्टिमेटर

ताई, अंबड एमआयडीसीत काचेच्या प्रोसेसिंग युनिटमध्ये माझी नोकरी एस्टिमेशनच्या टेबलावर झाली, आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. फॉर्म्युल्यांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, शीटमध्ये ती इंग्रजी अक्षरांत टाका. अंकही इंग्रजी टाका.

शीट उघडण्याआधी एक गोष्ट कागदावर ठरवा. काचेचा भाव एका आकड्याचा नसतो. काच स्क्वेअर फुटाने जाते. कडेचं पॉलिश रनिंग फुटाने, म्हणजे कडेच्या लांबीवर जातं. होल, कटआउट, कोपरा गोल करणं हे नगाने जातं. हे तीन खर्च तीन वेगळ्या चालींनी वाढतात आणि दुकानदार जेव्हा तिन्ही मिळून स्क्वेअर फुटाला एकच दर लावतो तेव्हा लहान तुकड्यांत त्याचं नुकसान होतं आणि मोठ्या काचेत गिऱ्हाइकाचं.

१२ स्क्वेअर फूट काच घ्या. ३६ बाय ४८ इंचांचा एक नग असेल तर चारही कडा मिळून १४ रनिंग फूट पॉलिश. तीच १२ स्क्वेअर फूट काच १२ बाय १२ इंचांच्या बारा तुकड्यांत असेल तर पॉलिश ४८ रनिंग फूट. काच तेवढीच, मशीनवरचं काम साडेतीन पटीच्या आसपास. पॉलिशला १० रुपये रनिंग फूट धरलं तर एकीकडे १४० रुपये, दुसरीकडे ४८०. हा फरक एकच दर लावून कधीच वसूल होत नाही. लॉजच्या कामात बाथरूमच्या फळ्या आहेत म्हणालात, म्हणून हे आधी सांगतोय.

आता रकाने. ए मध्ये तपशील, बी मध्ये जाडी. सी, डी, ई मध्ये रुंदीचे फूट, इंच, सूत. एफ, जी, एच मध्ये उंचीचे. आय मध्ये रुंदी मिलिमीटरमध्ये, जे मध्ये उंची मिलिमीटरमध्ये. के मध्ये नग. जे माप आलं असेल तेवढंच भरायचं, दुसरं कोरं ठेवायचं.

एल मध्ये रुंदी इंचात आणायची:

=इफ(आय५>०, एमराउंड(आय५/२५.४, ०.१२५), सी५*१२+डी५+ई५/८)

एम मध्ये उंचीसाठी तसंच, जे आणि एफ, जी, एच घेऊन.

यातला एमराउंडचा भाग कुणी कृपा करून काढून टाकू नका. कारण सांगतो. ४ फूट म्हणजे १२१९.२ मिमी. आर्किटेक्ट ड्रॉइंगवर १२२० लिहितो. १२२० ला २५.४ ने भागलं की ४८.०३ येतात. याला थेट ३ इंचांवर वर चढवलं तर ४८ चे ५१ होतात. तसंच १०६७ मिमी म्हणजे साडेतीन फूट, पण भागाकार ४२.००८ येतो आणि त्याचे ४५ होतात. म्हणजे मिस्तरीने साडेतीन बाय चार फूट सांगितलं तर १४ स्क्वेअर फूट आणि आर्किटेक्टने तीच खिडकी १०६७ बाय १२२० लिहिली तर १५.९४. तुमच्या १०० च्या दराने १९४ रुपयांचा फरक, एका खिडकीमागे, काहीही कारण नसताना. एमराउंड मापाला जवळच्या सुतावर आणतं, ४८.०३ चे ४८ होतात, आणि मगच आपण वर चढवतो.

सूत वापरण्यात आणखी एक फायदा आहे. कॉम्प्युटर आतून दोनाच्या पटीत मोजतो, त्यामुळे ०.१२५ म्हणजे एक अष्टमांश त्याला अचूक साठवता येतो. ०.१ साठवता येत नाही, तिथे शेवटच्या घरात कचरा उरतो आणि तो कचरा सीलिंगला (आकडा वर चढवणाऱ्या फॉर्म्युल्याला) पुढच्या टप्प्यावर ढकलायला पुरतो. आपल्या मिस्तऱ्यांचं सूत या कामाला अगदी बरोबर बसतं.

चार्जेबल रुंदी, म्हणजे जिचे पैसे लावायचे ती, एन मध्ये =सीलिंग(एल५, ३), चार्जेबल उंची ओ मध्ये =सीलिंग(एम५, ३). तुमच्या बाबांची पद्धत ती हीच. फक्त ते ३ फॉर्म्युल्यात लिहू नका, 'दर' नावाचं दुसरं शीट करा आणि तिथल्या एका रकान्यातून घ्या, कारण काही ठिकाणी ६ इंचांचा टप्पा चालतो आणि तुमचा पुरवठादार टफनला वेगळा टप्पा लावत असेल. तुम्ही ज्या टप्प्याने विकत घेता त्याच टप्प्याने विका.

पी मध्ये एका नगाचे स्क्वेअर फूट:

=मॅक्स(एन५*ओ५/१४४, किमान फूट)

किमान फूट म्हणजे लहान नगालाही कमीत कमी जेवढे स्क्वेअर फूट लावायचे ते, तेही दर शीटमधून. नगांनी गुणायचं ते यानंतर, आधी नाही. आधी सगळ्या नगांची बेरीज करून मग वर चढवलं तर प्रत्येक तुकड्याची वाया जाणारी पट्टी हिशेबात येतच नाही.

पॉलिशला मात्र चार्जेबल माप घ्यायचं नाही. मशीनवर खरी कड जाते, चार्जेबल कड नव्हे. आणि चारही कडा नेहमी पॉलिश नसतात. म्हणून दोन छोटे रकाने ठेवा, क्यू मध्ये 'रुंदीच्या किती कडा' आणि आर मध्ये 'उंचीच्या किती कडा', प्रत्येकात ०, १ किंवा २. रनिंग फूट = (एल५*क्यू५ + एम५*आर५)/१२.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची सूचना. चार्जेबल मापाचे रकाने कटिंगच्या कागदावर कधीही छापू नका. टफन काच भट्टीतून निघाली की पुन्हा कापता येत नाही, होलही पाडता येत नाही, जे काही करायचं ते आधी. ४७ इंच ३ सुताच्या जागी कुणी ४८ वाचलं तर ती काच भंगारात जाते. कटिंगच्या मुलांसाठी वेगळं पान करा, त्यावर जसं माप आलं तसंच, मिमी असेल तर मिमी, सूत असेल तर सूत. सुतावर आणलेलं मापही तिथे नको, कारण एक सूत म्हणजे सव्वातीन मिमीच्या जवळ जातो आणि पार्टिशनच्या चॅनेलमध्ये तेवढा फरक खपत नाही.

पाथर्डीफाटा_फर्निचर

मी काच विकत घेणारा आहे, म्हणून विचारतो. ४० इंचांची काच मी नेतो आणि पैसे ४२ चे देतो. ते दोन इंच माझे का नाहीत? वॉर्डरोबच्या शटरला, टीपॉयला आम्ही वर्षभर काच नेतो. इंचाइंचाने हे पैसे जातात आणि मला ते माझ्या गिऱ्हाइकाकडून मागता येत नाहीत. फॉर्म्युला चांगला आहे, पण तो दुकानदाराच्या बाजूचा वाटतो.

अंबड_एस्टिमेटर

दादा, प्रश्न रास्त आहे आणि तो दुकानात कुणी विचारला तर त्याला नीट उत्तर मिळायला हवं.

मोठी शीट १२ बाय ८ फुटांची येते, ३६६० बाय २४४० मिमी. त्यातून ४० इंचांचे तुकडे काढत गेलं की बाजूला पट्ट्या उरतात. दीड-दोन इंचांची पट्टी कुणी घेत नाही, ती ड्रममध्ये जाते. कटरने रेघ मारून काच मोडायलाही कडेला थोडी जागा लागते, पट्टी फार अरुंद असेल तर ती सरळ तुटत नाही. ते नुकसान कुणीतरी भरायचंच असतं. टप्प्याची पद्धत ते तुकड्यातुकड्यावर वाटून टाकते.

पण वाटणी सारखी होत नाही, आणि इथे तुमची तक्रार खरी आहे. १३ बाय २५ इंचांचा तुकडा घ्या. खरे २.२६ स्क्वेअर फूट, चार्जेबल १५ बाय २७, म्हणजे २.८१. जवळपास २५ टक्के जास्त. ६१ बाय ८५ ची काच घ्या, तीही दोन्हीकडून २ इंच वर जाते, पण ३६ चे ३८.०६ होतात, सहा टक्क्यांच्या आतच. म्हणजे टप्पा लहान मापावर जास्त बसतो. म्हणून माझं मत असं की एकाच मापाचे पुष्कळ नग असतील आणि शीटवर ते नीट बसत असतील तर दुकानदाराने टप्पा १ इंचावर आणावा. तुम्ही शटरची मापं ३ च्या पटीत ठेवू शकलात तर तुमचे पैसे तिथेच वाचतील, ३९ ठेवा किंवा ४२ ठेवा, ४० नको. हे गिऱ्हाइकाला आधी सांगणारा दुकानदार मला चांगला वाटतो.

आणि ताई, म्हणूनच कोटेशनवर दोन्ही मापं छापा. खरं माप, त्याशेजारी चार्जेबल माप, मग दर. लपवलं की माणूस भावावर भांडतो. दाखवलं की तो माप बदलून बघतो, आणि त्यात दोघांचाही फायदा आहे.

पाथर्डीफाटा_फर्निचर

३९ चं लक्षात ठेवतो. शटरचं माप आमच्याच हातात असतं, हे इतक्या वर्षांत कुठल्या काचवाल्याने सांगितलं नव्हतं. कोटेशनवर दोन्ही मापं असतील तर माझी काही हरकत नाही.

रिकामा_रकाना

दर आपोआप येण्याबद्दल कुणी लिहिलं नाही, ते मी लिहितो.

दर शीटमध्ये पहिल्या रकान्यात जाडी, दुसऱ्यात प्लेन काचेचा दर, तिसऱ्यात टफन, चौथ्यात आरसा. जाडी नुसता आकडा लिहा, ३.५, ४, ५, ६, ८, १०, १२. '५ मिमी' असं लिहिलंत तर ते अक्षर होतं आणि आकडा ५ त्याला सापडत नाही. 'मिमी' दिसायलाच हवं असेल तर सेलच्या नंबर फॉरमॅटमध्ये घाला, सेलमध्ये नको.

मग =एक्सलुकअप(बी५, जाडीचा रकाना, दराचा रकाना). दोन्ही रकान्यांना डॉलरची खूण लावा, नाहीतर फॉर्म्युला खाली ओढताना ते सरकतात. एक्सलुकअप एक्सेल २०२१ मध्ये, ३६५ मध्ये आणि गूगल शीट्समध्ये आहे. दुकानातलं एक्सेल जुनं असेल तर इंडेक्स आणि मॅच वापरा, काम तेच. व्हीलुकअप वापरणार असाल तर शेवटी फॉल्स लिहायला विसरू नका. ते नसलं तर तो जवळपासची जाडी पकडतो, ७ लिहिलं तरी ६ चा दर देतो, आणि आपल्याला कळतही नाही.

जाडीला ड्रॉपडाउन द्या म्हणजे नसलेली जाडी लिहिताच येणार नाही. आणि चूक दिसू नये म्हणून इफएररने तिथे शून्य आणू नका. दर सापडला नाही तर लाल चूकच दिसायला हवी. शून्य रुपयांची काच कोटेशनमध्ये गेली तर ती कुणाच्या नजरेला येत नाही.

जीएसटीचा टक्काही दर शीटमधल्या एका सेलमध्ये. २२ सप्टेंबर २०२५ ला दरांचे टप्पे बदलले तेव्हा ज्यांनी फॉर्म्युल्याच्या पोटात *१.१२ नाहीतर *१.२८ लिहिलं होतं त्यांना प्रत्येक ओळ उघडून दुरुस्त करावी लागली. ज्यांचा टक्का एका सेलमध्ये होता त्यांनी एक आकडा बदलला.

काउंटर_सिडको

सगळ्यांचे मनापासून आभार. एस्टिमेटर काकांनी सांगितलेत तसे रकाने केले, लॉजची मापं भरली. बाबांना शेजारी बसवून एकेक ओळ वाचून दाखवली. त्यांचा तोंडी आकडा आणि पी रकाना मोठ्या काचांना तंतोतंत जुळला. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत होते, मग म्हणाले, सुताचं कसं कळलं याला.

फळ्यांचं मात्र मोठं कळलं. फळी १८ बाय ५ इंच, ८ मिमी. परत १०० रुपये स्क्वेअर फूट आणि १० रुपये रनिंग फूटच धरते. भावाच्या पद्धतीने ०.६२५ स्क्वेअर फूट, ६२.५० रुपये, त्यात पॉलिश धरलेलंच नाही. नव्या शीटमध्ये चार्जेबल १८ बाय ६, म्हणजे ०.७५, पण किमान १ फूट ठेवलाय म्हणून १०० रुपये. पॉलिश पुढची लांब कड आणि दोन्ही बाजूंच्या, मागची भिंतीला जाते म्हणून नाही. २८ इंच, २.३३ रनिंग फूट, २३.३३ रुपये. एकूण १२३.३३, जवळपास दुप्पट. आणि ३६ बाय ७२ चा आरसा, जो दोन्ही पद्धतींत १८ स्क्वेअर फूटच आहे, तो १८०० वरून चारही कडांच्या पॉलिशसकट १९८० झाला. म्हणजे मोठ्या आरशात दहा टक्के आणि एवढ्याशा फळीत दुप्पट. लॉजच्या प्रत्येक खोलीत फळी आहे.

आता दोन शंका. फळीचा हा भाव मालकांना सांगितला तर ते दुसरीकडे जातील का, ही धाकधूक आहे. दुसरं, लॉज जुनं आहे, गंगेकडच्या (गोदावरीकडच्या) बाजूचा जिना अरुंद आणि लिफ्ट नाही. १२ मिमीचे टफन दरवाजे वर चढवायचे आहेत. हमाली आम्ही अंदाजाने लावतो. तीही मापावरून काढता येईल का?

अंबड_एस्टिमेटर

हमाली वजनावरून काढा. काचेचं वजन मापावरून अगदी नेमकं निघतं: एक मिमी जाडी आणि एक स्क्वेअर मीटर, अडीच किलो. तुमच्या शीटमध्ये खरे इंच आहेत, त्यावरून:

वजन = एल५*एम५/१४४/१०.७६४*२.५*बी५

३६ बाय ८४ इंचांचा १२ मिमी दरवाजा २१ स्क्वेअर फूट, म्हणजे साडेअठ्ठावन्न किलो. अरुंद जिन्यावर हा दोन माणसांनी सुद्धा जपून न्यायचा नग आहे. वजनाचा रकाना केलात की कुठल्या नगाला किती माणसं लागतील ते कोटेशन देतानाच दिसतं, आणि टेम्पोत एका खेपेला किती काच घालायची तेही. हमालीचे पैसे किलोला आणि मजल्याला ठरवा. पण भाव बाजूला ठेवा, मुलांच्या हातापायांसाठी तरी हा रकाना कराच. साठ किलोची काच अंदाजाने उचलायची नसते.

फळीबद्दल. मालकांना १२३ चा एकच आकडा सांगू नका, तीन भाग दाखवा. काच एवढी, पॉलिश एवढं, होल-कटआउट असतील तर त्यांचे एवढे. मग त्यांच्यापुढे पर्याय ठेवा. फळी ६ इंच रुंद केली तरी काचेचे पैसे तेच राहतात, पॉलिश दीड-दोन रुपयांनी वाढतं आणि साबणदाणीला जागा मिळते. किंवा सगळ्या फळ्या एकाच मापाच्या असतील तर शीटवर मांडून बघा. १२ फुटांच्या लांबीत १८ इंचांचे आठ नग बरोबर बसतात, ९६ इंचांत ६ इंचांच्या सोळा पट्ट्या. कडा घासायला आणि मोडायला थोडी जागा जाते हे धरलं तरी वाया जाणं फार कमी आहे. अशा वेळी किमान एक फुटाचा नियम त्या ओळीपुरता सैल करा आणि तेवढा भाव खाली आणा. त्यासाठी ओळीत एक 'किमान लागू' असा हो-नाहीचा रकाना ठेवा. पॉलिशचे पैसे मात्र सोडू नका. ते मशीनचे आणि माणसाच्या वेळेचे आहेत.

एक गोष्ट राहिली होती. दर शीटमधला दर बदललात की त्याला जोडलेली जुनी सगळी कोटेशनं आपोआप नव्या दराने बदलतात. लॉजचं काम बरेच महिने चालेल आणि मध्ये काचेचा दर हलेलच. म्हणून कोटेशन दिलं की त्याची प्रत करा, दराचा रकाना कॉपी करून फक्त व्हॅल्यू म्हणून परत पेस्ट करा आणि त्यावर तारीख आणि भाव किती दिवस लागू ते लिहा. पीडीएफही ठेवा. दिलेला शब्द शीटने बदलता कामा नये.

मोजपट्टी

फॉर्म्युल्याचे सगळे रकाने लॉक करा आणि भावाला मोबाइलवर फक्त मापाचे रकाने उघडे ठेवा. साइटवर बोट चुकून फॉर्म्युल्यावर पडतं आणि तिथे नुसता आकडा राहतो.

काउंटर_सिडको

लॉक केलं. मालकांना कालच तीन भागांत कोटेशन दाखवलं. त्यांनी फळ्या ६ इंच करून घेतल्या आणि दोन आरशांची मापं ३ च्या पटीत आणली. भावावर घासाघीस झाली, पण मापावर वाद झाला नाही.

काका, शेवटचं एक विचारते. रिसेप्शनला ३० इंचांचा गोल टेबल टॉप आहे. त्याला रुंदी-उंचीचे रकाने कसे भरू?

अंबड_एस्टिमेटर

काच गोल असली तरी ती चौकोनातूनच निघते आणि कोपरे कामाचे राहत नाहीत. म्हणून रुंदी ३० आणि उंची ३० असंच भरा, स्क्वेअर फूट चौकोनाचे, ६.२५. पॉलिशला मात्र चौकोनाची कड धरू नका, १० रनिंग फूट येतील आणि ते गिऱ्हाइकावर जास्तीचे होतील. तिथे =पाय()*एल५/१२ लिहा, ७.८५ येतात. गोल कडेचा पॉलिशचा दर सरळ कडेपेक्षा वेगळा असतो, तो दर शीटमध्ये स्वतंत्र ओळीत ठेवा. आकारासाठी 'चौकोन' आणि 'गोल' असा ड्रॉपडाउन करून इफने दोन्ही जोडा. वजनाच्या रकान्यात गोलासाठी क्षेत्रफळ =पाय()*एल५^२/४/१४४ घ्या, ते ४.९१ स्क्वेअर फूट येतं.

अंडाकृती आलं तर इथेच विचारा. त्याच्या कडेचा हिशेब थोडा वेगळा आहे.